पाच जणांचं लायसन

केनवडच्या वजनकाट्यावरून अनिसाचा फोन आला तेव्हा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या योगिनी गोटेच्या हातात चहाचा कप होता. फोनवरचं नाव बघूनच तिनं तो खाली ठेवला. सोयाबीनचा हंगाम सुरू झाल्यापासून गरम चहा तिच्या नशिबातून गेला होता.

"ताई, पुन्हा तेच," अनिसा म्हणाली. "पाच झाले म्हन्ते. मले आतमंदी घेतच नाई."

"कोन पाच?"

"आता मले काय मालूम? तुमीच सांगा. अथी ट्रॅक्टरची लाइन पार पेट्रोलपंपालोक गेली. मान्सं बोंबलून राह्यले माह्या नावानं."

पैनतीर शेतकरी उत्पादक कंपनीचं मुख्य ऑफिस वाशीमला, आणि खरेदीचे काटे तीन ठिकाणी: केनवड, जऊळका आणि मानोरा. ट्रॅक्टर काट्यावर चढला की 'मापाडी' नावाच्या प्रोग्रामात वजन उतरायचं, मालातल्या ओलाव्याचा आकडा टाकायचा, आणि माल आणणाऱ्या कास्तकाराच्या हातात वजनाची छापील पट्टी यायची. प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीकडून घेतलेला. तो कितीही कॉम्प्युटरवर टाका, त्यांची हरकत नव्हती. अट एकच, एका वेळी पाचच जणांनी वापरायचा. सहावा आला की त्याला दारातच अडवायचं. हे मोजायला वाशीमच्या ऑफिसात एक वेगळा सर्व्हर ठेवला होता. तो दिवसभर मोजत बसायचा, आणि योगिनीचं ठाम मत झालं होतं, की त्याला मोजताच येत नाही.

कारण हिशोब सरळ होता. ऑफिसातला अकाउंटंट एक, काट्यावरचे तीन, आणि अध्यक्ष रामरावभाऊंना घरबसल्या आवक बघायला एक. झाले पाच. त्यात जऊळक्याचा माणूस आज सुट्टीवर, अकाउंटंट बँकेत गेलेला. मग पाच कुठून झाले?

तिनं मग रोजचंच केलं. ग्रुपवर लिहिलं, 'सगळे बाहेर निघा, सर्व्हर बंद करते', आणि कुणी उत्तर द्यायच्या आत बटण दाबलं. सर्व्हर बंद होऊन चालू झाला, पाटी पुसली गेली, अनिसा आत शिरली. आणि मानोऱ्याच्या काटेवाल्याचा फोन आला, की त्याची अर्धी भरलेली पट्टी उडाली आणि ट्रॅक्टर तर काट्यावरून उतरूनही गेला.

"मॅडम, आता तो ट्रॅक्टर कुटी हुडकू मी?"

योगिनीनं फोन कानापासून लांब धरला. चहावर साय आली होती.

मॅनेजर मदनसिंग राठोड केबिनमधून बाहेर आले. मानोऱ्याकडच्या तांड्यातून शिकून वर आलेला माणूस, मेहनती, पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की त्यांना पित्त व्हायचं.

"योगिनीबाई, हे किती दिवस चालनार? दोन वर्षं चांगलं चाललं ना ते? मग आताच काहून?"

"तेच शोधून राह्यली, सर."

"तुमी ते लिनक्स का फिनक्स टाकलं तवापासूनच तं नाई ना हे?"

काट्यांवरचे कॉम्प्युटर जुने, नवं विंडोज त्यांना पेलत नव्हतं. नवीन घ्यायचे तर संचालक मंडळ तोंड फिरवत होतं. तेव्हा तिनंच त्यांच्यावर फुकट मिळणारं, हलकं लिनक्स टाकून ती मशीनं पुन्हा उभी केली होती. वार्षिक सभेत टाळ्या वाजवल्या होत्या सगळ्यांनी. आता ऑफिसात विंडोज, काट्यांवर लिनक्स, आणि रामरावभाऊंकडे त्यांच्या मुलानं, ऋषिकेशनं, हैदराबादहून नुकतंच पाठवलेलं ॲपलचं मॅक. एका कंपनीत तीन जातीची मशीनं, आणि बिघडलं काही, की बोट योगिनीकडे.

तिनं पुण्याला फोन लावला. तिकडे निकिता नावाची मुलगी होती. तिचा आवाज इतका गोड, की तिच्यावर रागावताही येत नसे.

"मॅम, आमच्याकडे सगळं ओके दिसतंय. तुमचे पाच यूजर जोडलेले आहेत."

"तेच तर विचारतेय. कोण पाच? नावं सांगा."

"नावं नाही दिसत मॅम. काउंट दिसतो."

"मग तो काउंट बरोबर आहे, हे कसं कळतं तुम्हाला?"

"सिस्टिमच दाखवते ना मॅम."

योगिनीनं डोळे मिटले. निकितानं तिला लिनक्सवाल्यांकडे जोडून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सर्व्हर विंडोजवर आहे ना, मग ते विंडोजवाले बघतील. विंडोजवाले म्हणाले, आमच्या मशीनवर तक्रारच नाही, तक्रार लिनक्सवर आहे. मॅकवाला माणूस आठवड्यातून एकदाच यायचा. शेवटी फिरून फिरून फोन निकिताकडेच आला, आणि ती म्हणाली, "मॅम, तुमचे यूजर वाढलेत. दहाचा पॅक घेतला तर हा इश्यू येणारच नाही."

"माझ्याकडे माणसंच दहा नाहीत हो!" योगिनी ओरडली. अकाउंटंट तेवढ्यात बँकेतून परतत होता, तो दारातूनच मागे वळला.

मदनसिंगांनी आपल्या परीनं उपाय काढला. व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप केला. मापाडीत शिरायच्या आधी तिथं परवानगी मागायची, बाहेर पडलं की कळवायचं. पहिल्या दिवशी 'शिरू का?' 'शिरा.' 'निघालो.' असं शिस्तीत चाललं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सकाळच्या शुभेच्छांचं फूल टाकलं. मग जऊळक्याहून मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आले, त्यावर अभिनंदन आलं, आणि त्या गर्दीत अनिसाचं 'शिरू का?' दुपारपर्यंत कुणाला दिसलंच नाही. आणि ग्रुपवर कुणीच आत नसताना सर्व्हर मात्र म्हणत होता, पाच.

त्या दिवशी केनवडला प्रकरण हातघाईवर आलं. उन्हात ताटकळलेल्या एका कास्तकारानं अनिसाच्या खिडकीवर हात आपटला. ही बाई ओळखीच्याच लोकांचं वजन आधी करते, आमच्या टायमालेच हिची मशीन बंद पडते, असं तो सगळ्यांदेखत बोलला, आणि मागच्या चार जणांनी री ओढली. अनिसा खमकी होती. बाप गफ्फारमियांचं रिसोडला सायकलचं दुकान, तिथं बसून लहानपणापासून गिऱ्हाईक सांभाळलेलं. ती खिडकीतून नुसती बघत राहिली. पण संध्याकाळी योगिनीला फोनवर म्हणाली, "ताई, मी चोर हाय का?" आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मदनसिंगांनी फर्मान काढलं. अनिसाला काट्यावरून काढून गोदामात टाकायचं.

"ते जेवाले जाते अन् मशीन उघडीच ठेवते," ते म्हणाले. "तिच्यामुळंच जागा अडते."

"कोणी पाहिलं?"

"पाहाले काय लागते? बोंब केनवडचीच येते ना?"

"सर, ज्याच्या घरात पानी येत नाई तोच बोंबलते. म्हंजे त्यानंच पानी चोरलं का?"

पण कागदावर सही झाली होती. येत्या सोमवारपासून.

योगिनीनं रविवारी ऑफिस उघडायला लावलं. पुण्याच्या लोकांना नावं दिसत नसतील, तर आपणच बघू. तिनं एक छोटा पहारेकरी प्रोग्राम लिहायला घेतला. प्रत्येक मशीनला थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, 'तुझ्यावर मापाडी कोण चालवतंय?' आणि आलेलं उत्तर एका जागी दाखवायचं. ऐकायला सोपं. पण विंडोजला विचारायची रीत एक, लिनक्सची दुसरी. विंडोज माणसाचं नाव मशीनच्या नावासकट सांगतं, लिनक्स नुसतं नाव सांगतं, तेही बारीक अक्षरात. शिवाय मापाडी उघडला की विंडोजवर त्याची दोन पिल्लं, म्हणजे छोटे प्रोग्राम, मागं वेगळी धावतात, लिनक्सवर एकच. पहिल्यांदा चालवला तेव्हा तिच्या पहारेकऱ्यानं एकूण माणसं सांगितली अकरा.

चाचणीसाठी तिनंच दूरवरून मशीनांवर मापाडी उघडला होता, ऑफिसात दुसरं चिटपाखरू नव्हतं. योगिनीला हसू आलं, मग तिनं कपाळ टेबलाला टेकवलं. आपण पुणेवाल्यांपेक्षाही हुशार निघालो.

दुपार गेली ती पिल्लं वगळण्यात आणि एकाच माणसाची तीन नावं एकत्र बांधण्यात. मॅकवर मात्र तिचा हात पोचत नव्हता, ते भाऊंच्या घरी. म्हणून तिनं दुसऱ्या बाजूनं घेरलं, सर्व्हरच्या दारात कुठून कुठून तारा, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडण्या, येऊन चिकटल्यात ते बघायचं. मशीनं आणि तारा जुळल्या की झालं.

सोमवारी सकाळी काटे सुरू झाले. केनवडला बदलीचा माणूस पोचला नव्हता म्हणून अनिसाच बसली, आणि दहाच्या सुमारास ती पुन्हा दाराबाहेर. यावेळी योगिनीनं सर्व्हर बंद केला नाही. पहारेकऱ्याकडे बघितलं. अकाउंटंट एक, मानोरा एक, जऊळका अजून सुट्टीवर. दोन जागा उघड झाल्या. उरलेल्या तीन तारा कुठून आल्या होत्या? तिन्हींचा पत्ता एकच.

केनवड.

मदनसिंग तिच्या खुर्चीमागे उभे होते. "पाह्यलं?" ते म्हणाले. "मी काय म्हनत होतो?"

क्षणभर योगिनीलाही वाटलं, की अनिसानं खरंच कुणाला पासवर्ड दिला असेल का? मग तिला स्वतःचाच राग आला. तिनं पर्स उचलली.

"मी केनवडला जाऊन येते."

"आता? फोनवर इचारा ना."

"फोनवर सगळे ओकेच असतात, सर."

रिसोडपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी जीप. काळीपिवळीत तिच्या मांडीवर एका बाईची मेथीची पेंडी आणि कानात ड्रायव्हरची राजकारणावरची मतं. काट्यावर पोचली तेव्हा ट्रॅक्टरांची रांग खरंच पेट्रोलपंपापर्यंत गेली होती. रामरावभाऊ स्वतः पांढऱ्या टोपीत रांगेत फिरत लोकांची समजूत काढत होते. अध्यक्ष असूनही उन्हात उभं राहायला ते कधी मागं सरले नव्हते. तेवढ्यासाठी लोक त्यांना मानत.

"पोरी, बरं झालं आली," ते म्हणाले. "काय हाय हे? लोकाइले काय सांगू मी?"

"बघते, भाऊ."

अनिसाच्या खोलीत एक मशीन, एक खुर्ची, एक पंखा. दुसरं काही नाही. योगिनीनं मशीन बंद केलं, वायरसुद्धा काढली, आणि वाशीमला फोन करून अकाउंटंटला विचारलं, "केनवडच्या किती तारा दिसतात?"

"तीन."

अनिसा तिच्याकडे बघत होती. योगिनी मशीनच्या निघालेल्या वायरकडे बघत राहिली. बंद मशीन काही तीन माणसं धरून बसू शकत नाही. मग या गावात मापाडी आणखी कुठं आहे?

आणि तिला एकदम उत्तर सुचलं, आणि ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. गावातली सगळी इंटरनेट कनेक्शनं एकाच टॉवरवरून बाहेर जात होती. वाशीमहून बघणाऱ्याला काटा आणि गावातलं कुठलंही घर, पत्ता एकच दिसणार. आणि काट्यापासून हाकेच्या अंतरावर रामरावभाऊंचं घर होतं.

तिनं मदनसिंगांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"योगिनीबाई," मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे मी नाई सांगनार भाऊले. अन् माझं ऐकाल तं तुमीबी नोका सांगू. दहाचा पॅक घेऊन टाकू."

"आणि अनिसा?"

"तिले गोदामात काय त्रास हाय? सावलीच हाय तिथी."

योगिनीनं फोन बंद केला. इतक्या दिवसांत निकितावर, सर्व्हरवर, तिन्ही जातींच्या मशीनांवर जेवढी चिडली नव्हती तेवढी ती त्या क्षणी चिडली. ती सरळ रांगेतून चालत गेली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरी जायचं आहे. आत्ताच. तुमचा कॉम्प्युटर बघायचा आहे."

"माह्या कॉम्प्युटरचा अन् याचा काय संबंध?"

"चला तर खरं."

घरी भाऊंच्या बायकोनं, रंगूबाईंनी, पाणी दिलं. लॅपटॉप कपाटावर, झाकण लावलेला, वर स्वच्छ धुतलेला टॉवेल घातलेला.

"मी धुरळा बसू देत नाई त्याच्यावर," रंगूबाई म्हणाल्या. "पोरानं धाडलेली वस्तू."

योगिनीनं झाकण उघडलं. पडद्यावर काहीच नव्हतं. मापाडीची खिडकी नाही, काही नाही. पण खालच्या पट्टीत मापाडीच्या चित्राखाली एक बारीक ठिपका होता.

"भाऊ, तुम्ही हे बंद कसं करता?"

"लाल बटन दाबतो. खिडकी जाते. मंग झाकन लावतो." त्यांच्या आवाजात धार आली. "मले येते वापरता. ऋषिकेशनं शिकवलं मले."

"विंडोजवर तसं केलं की प्रोग्राम मरतो, भाऊ. याच्यावर नाही. खिडकी गेली तरी तो आत जिवंत राहतो, हा ठिपका त्याचाच. झाकण लावलं की झोपतो. मधेच जागा होऊन पुन्हा वाशीमला जाऊन चिकटतो. आणि आमचा सर्व्हर इतका शहाणा, की विंडोजचं मशीन परत आलं तर ओळखतो, पण हा परत आला की दरवेळी त्याला नवा पाहुणा वाटतो. जुन्याला उठवत नाही, नव्याला जागा देतो."

"म्हंजे?"

"म्हणजे आत्ता पाचापैकी तीन जागांवर तुम्ही बसला आहात."

रंगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. रामरावभाऊंच्या कपाळावरची शीर फुगली.

"म्हंजे चोर मीच का? मी उन्हात उभा राहून लोकाइच्या शिव्या खाऊन राह्यलो, अन् तुमी माह्या घरात चोर हुडकाले आल्या?"

"चोर कुणीच नाही, भाऊ. पण अनिसाला सगळ्यांनी चोर म्हटलं. आजपासून तिला काट्यावरून काढलंय."

"कोनं काढलं?"

योगिनीनं नाव सांगितलं नाही. तिनं प्रोग्राम नीट बंद करून दाखवला. ठिपका विझला. मग अकाउंटंटला सांगून सर्व्हरवरच्या त्या तीन तारा तोडायला लावल्या आणि अनिसाला फोन केला. "वायर लाव. शिर आता."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग अनिसा म्हणाली, "घेतलं ताई! घेतलं मले आत."

रामरावभाऊ तडक काट्यावर परतले. योगिनी मागं मागं. रांग हलायला लागली होती. भाऊ खिडकीपाशी उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि मोठ्यानं म्हणाले, "मशीन बिघडली होती. दुरुस्त झाली. वाशीमच्या बाईनं केली."

योगिनीनं ओठ चावला. एवढंच? तिला वाटलं, आता आपणच ओरडून सांगावं. पण खिडकीवर हात आपटणारा तोच कास्तकार पुढं होता. त्यानं विचारलं, "कोनाची मशीन, भाऊ? या पोरीची?"

भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मग अनिसाकडे. तिनं मान खाली घालून पट्टी छापली.

"माह्या घरची," ते शेवटी म्हणाले. "तिची नाई. तिच्या मशीनले काहीच झालं नव्हतं. पट्टी घे अन् हाल आता, मागं लोकं हायेत."

कास्तकारानं पट्टी घेतली. माफी वगैरे काही मागितली नाही. "बरं, बाई," एवढं पुटपुटून तो ट्रॅक्टरवर चढला. अनिसानं पुढच्याला हात केला.

गोदामाचा कागद त्याच दुपारी भाऊंनी फोनवर रद्द करायला लावला. मदनसिंग दुसऱ्या दिवशी योगिनीला म्हणाले, "पाह्यलं? मी म्हनलोच होतो, केनवडचाच घोळ हाय." योगिनीनं त्यांना उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर नोकरी गेली असती.

निकिताला तिनं सगळं सविस्तर सांगितलं, पडद्याचे फोटोही पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं, की हा दोष नाही, प्रोग्राम असाच बनवलेला आहे. पुढच्या आवृत्तीत विचार होईल. सोबत दहाच्या पॅकचं पत्रक होतं. रामरावभाऊंनी ते संचालक मंडळात मांडलं आणि मंजूरही करून घेतलं. योगिनी सभेत उभी राहून सांगत होती, की गरज नाही, माणसं पाचच आहेत, दोष सापडलाय. भाऊ म्हणाले, "असू दे. पुन्हा माह्यावर यायले नको." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग तिनं आपल्या पहारेकऱ्याला आणखी एक काम शिकवलं. अर्धा तास कुणी हात लावला नाही, की तार तोडायची, मशीन कुठल्या का जातीचं असेना आणि माणूस कुणी का असेना. त्याला कुणाची मंजुरी तिनं विचारली नाही.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी केनवडहून फोन आला. अनिसाचा नव्हता.

"योगिनीबाई," रामरावभाऊ म्हणाले, "मले बाहेर हाकललं वाटते तुमच्या मशीननं."

"हो, भाऊ. तुम्ही उघडं ठेवून जेवायला गेलात."

रंगूबाईंच्या हसण्याचा आवाज लांबून आला.

"बरं," भाऊ म्हणाले. "पुन्हा कसं शिरू, तेवढं सांगा."

योगिनीनं कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.